डावरी की उजवी?

गेल्या रविवारी पाच-सहा गिऱ्हाइकांसमोर सिद्ध झालं की बारा वर्षांच्या संसारात मी बायकोकडे नीट पाहिलेलंच नाही. सिद्ध करणारा माणूस माझा सासराही नव्हता. फवारणी पंपाचा वायसर घ्यायला आलेला एक अनोळखी म्हातारा!

लग्नाचा वाढदिवस होता, एवढं पुरे. हिला गच्चीवरच्या बागेचं वेड. गेल्या वर्षी कानातलं आणलं, तर डबी उघडून म्हणाली, "छान आहे. पण एवढ्यात गांडूळखताचे दोन बेड झाले असते रे." त्याआधी अत्तर. पण घरात नैसर्गिक शेतीवाल्या पाळेकरांचं जीवामृत, म्हणजे शेणा-गोमूत्राचं आंबवलेलं खत, मुरत असताना अत्तराने काय करावं? मूळ कृती २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, शिवाय गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन अशी. हिने ती दहाने भागून बादलीत बसवली. वास मात्र भागला गेला नाही. (बेसनाचे लाडू आमच्याकडे शेवटचे कधी झाले, ते विचारू नका.)

म्हणून यंदा कामाची वस्तू. गवती चहा उपटताना पातीने हिची बोटं कापतात, तेव्हा विळा. मला तर यात प्रेमच दिसत होतं.

मार्केट यार्डाजवळच्या दुकानात मालकाने दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा पुढे केला. मी पाकीट काढतोय, तोच शेजारून आवाज आला, "गहू किती एकर?"

"गहू नाही. गवती चहा."

"किती?"

"दोन कुंड्या."

म्हाताऱ्याने माझ्या हातातला विळा काढून बाजूला ठेवला. "ह्यो कशाला मग? लोहाराचा दाखीव रे." पात्यावर अंगठा फिरवला, टिचकी मारून कान लावला. "पाणी बरं पाजलंय. वापरणार कोण?"

"बायको. लग्नाच्या वाढदिवसाची भेट."

दुकान गप्प झालं.

"भांडण झालंय का?"

"नाही हो!"

"मालकीण डावरी का उजवी?"

धार एकाच अंगाने लावलेली असते, डावऱ्या हातात उजवा विळा घसरतो, हे मालकाने मला लहान मुलासारखं समजावलं.

"उजवी," मी ठोकून दिलं. "लिहिते उजव्या हाताने."

"लिवायचं कोण इचारतंय? शाळंत मास्तर पट्ट्या मारून उजवा करत्यात. कापती कुठल्या हातानं?"

मी डोळे मिटले. ओटा दिसला, फोडणीचा वास आला, हिची पाठ दिसली. हात काही दिसेनात. आठवेल त्या प्रसंगात मधे माझाच मोबाईल. मग हवेत कांदा चिरून पाहिला. उजव्याने, मग डाव्याने. दोन्हीकडून ती हीच वाटायला लागली.

"फोन करून विचारा की," मागचा म्हणाला.

"सरप्राइज आहे."

"मग होईलच सरप्राइज," मालक म्हणाला.

"आमची डावरी हाय," म्हातारा वायसर खिशात टाकत म्हणाला. "पस्तीस वर्सं लोहाराकडनं डावा इळा करून घेतोय."

दुसऱ्याच्या लग्नाच्या वाढदिवशी माणसाने असलं काही बोलू नये. मी खोचकपणे विचारलं, "मग तिला वाढदिवसालाही विळाच का?"

"छ्या! लुगडं घ्यायला लक्ष्मी रोडला निघालोय. इळा दिला तर माझ्याच पाठीत घालंल."

तो गेला. मी उजवा विळा घेतला. एका गुलाबाला तीन थर चकचकीत कागद गुंडाळतात, आणि माझ्या प्रेमाला शिळं वर्तमानपत्र! वर "अवजार परत घेत नाही" हेही ऐकवलं. सोसायटीच्या लिफ्टमध्ये कागदातून टोक बाहेर आलं, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू पहिल्याच मजल्यावर उतरल्या.

"अय्या, विळा!" कानातल्याला हा 'अय्या' मिळाला नव्हता. ही तडक गच्चीवर गेली. गवती चहाची जुडी उजव्या हाताने धरली आणि विळा घेतला डाव्या हातात.

दोनदा घसरला. तिने पातं उलटसुलट करून पाहिलं.

"हा उजव्यांचा आहे रे." मग माझ्याकडे न बघताच, "असू दे. तू उजवाच आहेस."

आज तिसरा दिवस. सकाळी चहाआधी गच्चीवर जाऊन मी गवती चहा कापतो. ती बादली ढवळता ढवळता सांगत असते, "लांडा कापू नकोस. बुडापासून दोन बोटं वर!"