ते हिरवे खडे साबणाचे आहेत, दादा

रविवारी आत्याकडे गेले तेव्हा ती जेवत होती. पलंगावरच, पाठीला दोन उशा लावून. सुनेने मऊभातावर अर्धा चमचा तूप घातलं होतं आणि आत्या ते चमच्याच्या टोकाने ताटलीच्या कडेला सारत होती, तांदळातला खडा बाजूला काढावा तसं. पित्ताशय काढल्याला बारा दिवस झाले होते. दुर्बिणीचं ऑपरेशन, पोटावर चार बारीक चिरा, दुसऱ्या दिवशी घरी. सोडताना सर्जननी सांगितलं होतं की चाला-फिरा, थोडं थोडं खा, आठवड्याने दाखवायला या. ती दाखवूनही आली होती. सगळं ठीक होतं. मग बाई अंथरुणाला का खिळली?

"दादानं पाठवलेलं वाचलं नाहीस व्हय तू?" असं म्हणून तिने उशीखालून मोबाईल काढला.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. माणूस प्रेमळ आहे, आत्यावर तर जीव आहे त्याचा. पण आलेलं सगळं पुढे ढकलतो. 'पित्ताशय काढलेल्यांनो सावधान, डॉक्टर हे सांगणार नाहीत' असा तो मेसेज आपल्या घरच्या ग्रुपवर आठ दिवस पडून होता. मी न वाचताच खाली सरकवला होता, ती चूक माझी. त्याचं सार असं: पित्ताशय गेलं की पित्त तयार होणं थांबतं आणि अन्न आयुष्यभर पचत नाही. तूप-तेल कायमचं बंद, फक्त पेज आणि फळं. तीन महिने अंथरूण सोडायचं नाही, नाहीतर आतले टाके सुटतात. पोटात भरलेला गॅस खांद्यावाटे हृदयाकडे चढतो. आणि सगळ्यात शेवटी, ऑपरेशन झालं तरी खरे खडे यकृतात राहतातच, म्हणून पंधराव्या दिवशी 'लिव्हर फ्लश' करायचा: पाच दिवस सफरचंदाचा रस, मग एप्सम सॉल्ट, मग रात्री अर्धा कप ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात. सकाळी हिरवे खडे शेकड्याने पडतात. सोबत फोटोही.

ऑलिव्ह तेलाची बाटली फ्रिजवर येऊन बसली होती. दादानेच ऑनलाइन मागवून दिली होती. पंधरावा दिवस यायला तीन दिवस उरले होते.

मी डॉक्टर नाही. ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. पण या मेसेजचा समाचार घ्यायला तेवढं पुरतं. शेवटच्या मुद्द्याला तर केमिस्ट्रीच लागते.

पहिला मुद्दा, पित्त तयार होणं थांबतं. साफ खोटं. पित्त यकृतात तयार होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ही नुसती साठवणीची पिशवी, तिच्यात मावतं ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कपही नाही. पिशवी काढली की यकृतातलं पित्त नळीवाटे थेट लहान आतड्यात उतरत राहतं, एवढाच फरक. आमच्या इचलकरंजीत घरावरची टाकी काढली तर हाल होतील, कारण नळाला रोज पाणी येत नाही. यकृताचा नळ चोवीस तास चालू असतो. घोड्याला पित्ताशय नसतं. मोठ्या उंदरालाही (इंग्रजीत ज्याला 'रॅट' म्हणतात) नसतं, आणि आत्याच्या माळ्यावरच्या उंदरांचं तेलकट-तुपकट काही अडलेलं मी तरी पाहिलं नाही. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी माणसाचं पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते १८८२ साली. दुर्बिणीतून करायची पद्धत भारतात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात आणली. ही काल-परवाची विलायती टूम नव्हे.

या गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. मराठीत 'पित्त' म्हणजे काय नाही? आंबट ढेकर आले की पित्त झालं, अंगावर गांध्या उठल्या की पित्त उठलं, डोकं दुखून उलटी झाली की पित्त पडलं, राग आला की पित्त खवळलं. यातल्या निम्म्या गोष्टींचा पित्ताशयाशी काडीचा संबंध नाही. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाची, गांध्या ॲलर्जीच्या. त्यामुळे ऑपरेशन झालेल्यांची दोन टोकं होतात. एकाला वाटतं, चला, पित्त कायमचं गेलं, आता मिसळ खायला मोकळा. दुसऱ्याला वाटतं, अंगातलं पित्तच संपलं, आता पचणार कशाने. आत्या दुसऱ्या गटात. मेसेज लिहिणाऱ्याने हा शब्द दोन्ही बाजूंनी वापरून घेतला आहे.

तुपाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकते. पित्त सतत थेंबथेंब उतरत असल्यामुळे एका बैठकीला तेलकट खूप खाल्लं तर सुरुवातीला पोट फुगतं, कुणाकुणाला पातळ होतं. न शोषलेलं पित्ताम्ल, म्हणजे पित्तातलं आम्ल, मोठ्या आतड्यात गेलं की ते पाणी सुटायला लावतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप रुळावर येतं. थोड्यांचं रेंगाळतं, आणि त्यांनी ते सोसत बसू नये, त्यावर औषध आहे, सर्जनला सांगावं. म्हणून पहिले काही दिवस वडा-भजी, तर्री, लग्नाचं जेवण नको. चार वेळा थोडं थोडं खावं. पण वरणभातावरचं अर्धा चमचा तूप? ते का सारायचं? ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, एनएचएसने, रुग्णांसाठी लिहिलंय की पित्ताशय काढल्यावर कायमचं वेगळं पथ्य लागत नाही, साधा समतोल आहार घ्या. आत्या बारा दिवस पेज, शहाळं आणि पपईवर होती. उठली की डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि तिला वाटत होतं हे पित्ताशय नसल्यामुळे. अगं, उपाशी माणसाला अंधारीच येणार! जखम भरायला प्रथिनं लागतात. मुगाचं वरण, ताक, पनीर, खात असाल तर उकडलेलं अंडं.

तीन महिने अंथरूण हा मुद्दा मात्र वाचून माझं डोकं सणकलं. हा नुसता चूक नाही, जिवावर बेतू शकतो. ऑपरेशननंतर पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावतो. म्हणून तर त्याच संध्याकाळी नर्स येऊन उठवते, रुग्णाला राग आला तरी. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेक जण दोन आठवड्यांच्या आसपास रोजच्या कामाला लागतात. पोट उघडून केलं असेल तर सहा ते आठ आठवडे धरा. जिने चढता येतात, सावकाश. अंघोळीचं सर्जन सांगतील तसं, सहसा दोन दिवसांनी चालते. जपायचं ते जड उचलण्याला. भरलेली घागर, गॅसची टाकी, नातवंडाला कडेवर घेणं काही आठवडे नको, कारण बेंबीपाशी जिथून दुर्बीण घातलेली असते तिथे हर्निया होऊ शकतो. 'टाके सुटतात' या भीतीत एवढंच तथ्य. त्यासाठी जड उचलणं टाळायचं की चालणं? आत्या संडासला जाण्यापलीकडे उठत नव्हती. दुखण्याच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंच, त्यात झोपून राहणं, म्हणजे तेही वाढलं.

गॅस. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वापरतात, सोडा-वॉटरमधला तोच. थोडा उरतो, रक्तात विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो, दोन-तीन दिवसांत. तो हृदयाकडे चालत जात नाही. मग खांदा का दुखतो? पोट आणि छातीच्या मधल्या पडद्याला गॅसचा त्रास होतो. त्या पडद्याची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या कातडीच्या संवेदनाही मानेच्या त्याच भागात पोचतात, त्यामुळे मेंदू पत्ता चुकतो. हे ऑपरेशनआधी कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर आत्याने तिसऱ्या रात्री अडीच वाजता सुनेला उठवून "हार्ट ॲटॅक येतोय बघ" म्हटलं नसतं. सांगितलं नाही ही डॉक्टरांच्या बाजूची चूकच, आणि अशा मेसेजना जागा तिथेच मिळते. अर्थात छातीत दाब, घाम, धाप असं काही असेल तर गॅस म्हणून घरी बसू नका.

आता ते हिरवे खडे.

फोटो मीही नीट मोठा करून पाहिला. गाळणीत वाटाण्याएवढ्या पोपटी-हिरव्या, चकचकीत गोळ्या. खाली लिहिलंय, 'एका रात्रीत यकृतातून २०० खडे'. हे फोटो खोटे नाहीत. हा प्रयोग केला तर असं खरंच पडतं. म्हणून तर लोकांचा विश्वास बसतो. फक्त ते खडे नसतात.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००५ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांचं एक छोटं टिपण आलं होतं. चाळिशीची एक बाई, सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे. तिने जडीबुटीवाल्याच्या सल्ल्याने दिवसभर नुसता रस पिऊन संध्याकाळपासून ६०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल आणि ३०० मिलिलिटर लिंबाचा रस घेतला. सकाळी हिरव्या गोळ्या पडल्या. बाईने त्या जमवल्या, फ्रीझरमध्ये ठेवल्या आणि दवाखान्यात घेऊन आली. तपासल्या तर त्यांत कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं पिवळं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियम नाही, म्हणजे पित्ताचा खडा ज्याचा बनतो त्यातलं काहीच नाही. स्फटिकासारखी रचना नाही. ४० अंशाला दहा मिनिटं ठेवल्यावर वितळून हिरवं तेल झालं. बहुतांश भाग फॅटी ॲसिडचा. मग त्या डॉक्टरांनी ऑलिव्ह तेलातलं मुख्य ओलेइक ॲसिड आणि लिंबाचा रस सारखा घेऊन त्यात थोडं पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं, तर भांड्यात तशाच गोळ्या तयार झाल्या, फक्त पांढऱ्या. सुकल्यावर टणकही झाल्या.

तेल अधिक अल्कली (पोटॅशियम हायड्रॉक्साइड हे त्यातलंच एक), हे मी दरवर्षी पोरांना शिकवते. याला साबण म्हणतात. गोळ्या हिरव्या दिसतात कारण वाटेत त्यांना पित्ताचा रंग लागतो. म्हणजे आत जितकं तेल ओताल तितके 'खडे' बाहेर पडतील, पुढच्या महिन्यात प्याल तर पुन्हा पडतील. मेसेजमध्येही लिहिलंय बघा, 'खडे पडायचे थांबेपर्यंत दर महिन्याला करा'. कसे थांबतील?

आत्याला हे सांगून पटेना. मग तिचीच बाटली आणली. ऑपरेशननंतर हॉस्पिटलने प्लॅस्टिकच्या छोट्या बाटलीत तिचे खडे दिले होते. ते तिने टीव्हीशेजारी, नातवाच्या बक्षिसाच्या कपाजवळ ठेवलेत. एकवीस खडे. करडे-तपकिरी, हरभऱ्याएवढे, कडा घासून सपाट झालेल्या. बाटली हलवली की खुळखुळ्यासारखा आवाज येतो. एक काढून वाटीत टाकला आणि त्यावर चहाला उकळलेलं पाणी ओतलं. अर्धा तास गप्पा मारल्या. खडा होता तसाच. असणारच, कोलेस्टेरॉल वितळायला दीडशेच्या आसपास तापमान लागतं. अंगाची उष्णता ३७ अंश. ज्या गोळ्या ४० अंशाला पाघळतात, त्या पोटात वर्षानुवर्षं 'दगड' होऊन कशा बसतील?

आणि समजा, बारा-पंधरा दिवसांपूर्वी पोटात, पित्ताशयाची नळी बंद करायला, क्लिपा लावलेल्या बाईने हे खरंच घेतलं असतं तर? एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, जोरदार जुलाबाचं औषध. आधीच पेजेवर जगलेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या बाईला पाच दिवस रसावर ठेवून जुलाब द्यायचे, वर तेल पाजायचं. दादा, तू असा सल्ला शेजाऱ्याच्या म्हशीला तरी दिला असतास का?

राहता राहिलं मेसेजमधलं आणखी एक वाक्य, 'गरज नसताना ऑपरेशन करतात'. हेही पूर्ण खोटं नाही, मान्य. सोनोग्राफीत सहज दिसलेले, कधीही न दुखलेले खडे बहुतेक वेळा तसेच सोडतात. ब्रिटनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. तशा माणसाला कुणी घाईने टेबलवर घेत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्यावं. पण आत्याला तीन वेळा कळ आली होती, शेवटची ताप आणि उलट्यांसकट. आणि खडा मागे राहू शकतो हेही खरं, फक्त पित्तनलिकेत. तो तोंडावाटे दुर्बीण घालून काढतात. लिंबू-तेलाने नव्हे.

खरी काळजी करायची ती कशाची, ते मी कागदावर लिहून तिच्या फ्रिजवर चिकटवलंय: डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि शौचाला पांढरट होणं, ताप-थंडी, कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारी पोटदुखी, सततच्या उलट्या, जखमेतून पू, एकाच पायाची पोटरी सुजणं, अचानक धाप. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. हे दुर्मीळ असतं, पण असतं. मेसेजमध्ये यातलं एकही नव्हतं.

संध्याकाळी आत्या काठी न घेता कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन आली. येताना जिन्यात दोनदा थांबली, कुरकुरली. रात्री वरणभात, वर तूप. ऑलिव्ह तेलाची बाटली परत घेत नाहीत म्हणे. ती आता गुडघ्यांना लावते.