नव्या सरपंचांस आगाऊ सल्ला

शहापूर तालुक्यातल्या एखाद्या गावचे तुम्ही थेट जनतेतून सरपंच झाला असाल, तर अभिनंदन. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, नळ सोडला की पाणी येतं, त्यामुळे ग्रामस्वराज्यावर बोलायचा अधिकार मला आपोआप पोचतो.

गुलाल धुऊन झाला की आधी डोंगल करून घ्या. तुमची डिजिटल सही त्यात असते. ते स्वतःकडे ठेवू नका, हरवेल. संगणक परिचालकाच्या खणात टाका, तिथे ग्रामसेवकाचं असतंच. दोन्ही सह्या एका खणात नांदल्या की मतभेद होत नाहीत.

आता पैसा. तुम्हाला वाटत असेल, गावाला काय हवं ते गाव ठरवेल. ही खोड मोडा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशभरच्या ग्रामीण स्थानिक संस्थांकरता २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले आणि तुमचा त्रास वाचावा म्हणून त्यातले ६० टक्के कशावर खर्चायचे तेही सांगितलं: निम्मे पाण्यावर, निम्मे स्वच्छतेवर. याला म्हणतात बंधित निधी. उरलेले ४० टक्के अबंधित. त्यातून पगार आणि आस्थापना खर्च तेवढा करायचा नाही. दावं जरा लांब आहे एवढंच, खुंटा तोच. (पूर्वी पैसा वाटेत मुक्काम करत करत यायचा, आता तो थेट खात्यात पडतो, हे मात्र कबूल करायला हवं. उपरोध लिहितानाही हिशेब चुकू नये.)

जिथे निवडून आलेलं मंडळ नाही तिथे हा निधी नाही, अशीही अट होती. वाजवीच म्हणा. मुदत संपून प्रशासक बसला तरी खचू नका. निवडणूक घेणं तुमच्या हातात नाही, हप्ता बुडवून घेणं आहे.

ग्रामसभेचं भय बाळगू नका. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते लागतात. नाही जमले तर सभा तहकूब करा, कारण तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. लोकशाहीत इतकी सोय दुसरीकडे मिळणार नाही. चुकून माणसं जमलीच तर त्यांना 'आमचा गाव, आमचा विकास'चा, म्हणजे गावाच्या विकासकामांचा, आराखडा वाचून दाखवा, आपोआप पांगतील. आराखडा शेजारच्या पंचायतीचा चालतो. गावाचं नाव तेवढं बदला.

कुणी शहाणा ७३व्या घटनादुरुस्तीचं पान फडकवत येईल. अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, शेतीपासून शाळेपर्यंत, ते पंचायतीला द्या म्हणेल. त्याला चहा पाजा आणि कलम पुन्हा वाचायला सांगा. विधिमंडळ हे अधिकार 'देऊ शकेल' असं तिथे आहे. १९९३ पासून आपण त्या 'शकेल'च्या ओसरीवर बसलोय, तुम्हीही जरा सरकून बसा.

राहता राहिलं पाणी. बंधित पैशातून टाकी होईल, तिच्यावर योजनेचं नाव रंगवलं जाईल. रंगाला कंजुषी नको, लांबून दिसलं पाहिजे. मेमध्ये टँकर आला तर तो टाकीसमोर उभा करू नका, दोघांचा एक फोटो निघतो.

आणि मुंबई-ठाण्याला पाणी पाजणारं भातसा धरण तुमच्याच तालुक्यात असून गाव कोरडं का, असं बायकांनी विचारलं, तर मला फोन लावा. उचलला नाही तर समजा, मी आंघोळीला गेलोय.