लाजाळूची कुंडी आणि लोकांची बोटं

लाजाळू लावणं अजिबात अवघड नाहीये, अवघड आहे ते लाजाळू असलेल्या घरात राहणं. गुलाबाच्या पाकळ्या कोणी येऊन चेपून बघत नाही. पण लाजाळू दिसली रे दिसली की एरवी ज्यांना आपण अहोजाहो करतो अशी भलीभली माणसं कुंडीपुढे वाकतात आणि बोट पुढे करून म्हणतात, मिटते का बघू. अहो मिटते! लिनियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली हिची शास्त्रीय नोंद केली त्याच्याही कितीतरी आधीपासून मिटतेय.

बरं, हिला वाढवायला काय लागतं म्हणाल, तर अमेरिका खंडाच्या उष्ण भागातून निघून ही बया अर्ध्या जगात तण म्हणून बसलीये, शेतात घुसली की लोक वैतागून उपटतात, आणि आपण मात्र हौसेने बी आणायचं आणि तिची मनधरणी करायची. कारण बीचं कवच महाटणक. नुसतं मातीत टाकलं तर मनात येईल तेव्हा उगवणार, आणि मनात यायला वर्षं पण लागू शकतात. म्हणून आधी गरम पाण्यात टाकायचं, उकळत्या नाही हं, बोट घातलं तर झटकन बाहेर काढावं लागेल इतपत गरम, आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी जे टम्म फुगलंय ते पेरायचं, अर्धा सेंटिमीटर खोल, बास. कोंब यायला एक ते तीन आठवडे. मुळं हलवलेली हिला खपत नाहीत, म्हणून जमलं तर थेट कायमच्याच कुंडीत पेरा. पाणी साचू द्यायचं नाही, ऊन भरपूर द्यायचं, खताचे लाड नकोत, शेंगवर्गातली असल्यामुळे नायट्रोजनची सोय ती मुळांवरच्या गाठींमधल्या जिवाणूंकडून परस्पर करून घेते.

इथपर्यंत सगळं सुखाचं असतं. मग पाहुणे येतात.

आमचे एक काका आहेत, ते आधी कुंडीला भेटतात मग आम्हाला. मी त्यांना नीट समजावलं की काका, देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो, हात लागला की त्याच्या खालच्या बाजूच्या पेशी पाणी सोडून ढिल्या पडतात आणि देठ खाली येतं, परत उघडायला दहावीस मिनिटं जातात, आणि मिटलेल्या पानाला ऊन कमी मिळतं म्हणजे झाडाचा तोटाच. काकांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि देठ खाली येतं म्हणजे कसं ते बघायला पुन्हा बोट लावलं.

मावशीची तऱ्हा वेगळी. ही रात्री आपली आपण मिटते, त्यात कोणाचा हात नसतो. १७२९ साली द मेराँ नावाच्या फ्रेंच माणसाने अशी झाडं अंधारात ठेवून पाहिली, तर तिथेही पानं आपल्या वेळेला उघडत आणि मिटत होती. मावशीला हे सांगितलं तर तिने मोबाईलचा टॉर्च मारला, "झोपलीये खरंच, उठवू का?"

काटे आहेत हिला, पण सगळे खोडादेठांवर, पानं मोकळीच. म्हणजे वॉचमन गेटवर आणि चोर खिडकीतून.

मला खरी आशा होती ती २०१४ च्या एका प्रयोगाची. मोनिका गॅलियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाजाळूच्या कुंड्या थोड्या उंचीवरून अलगद, पण परत परत पाडल्या. यात धोका नाही म्हटल्यावर झाडांनी मिटणंच सोडलं, आणि चार आठवड्यांनीही त्यांना ते लक्षात असल्याचं दिसलं. म्हटलं आपलीही कधीतरी बोटांना सरावेल! थोडी सरावलीही असावी, एका रविवारी खूप बोटं लागल्यावर ती जरा सुस्त झाली, तर काका म्हणतात, "तुमची बिघडलीये रे."

आणि या सगळ्यात फूल कोणी बघत नाही. गुलाबी गोंडा येतो, तो एक गोंडा म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो आणि ती गुलाबी झालर म्हणजे पुंकेसर, इतकं सुंदर काम, पण काका ते बाजूला सारून पानापर्यंत पोचतात.

मागच्या वेळी निघताना काकांनी बी मागितलं, घरी लावतो म्हणाले. वाळलेल्या, कडेला राठ केस असलेल्या शेंगा मूठभर काढून दिल्या. मातीत टाका आणि वाट बघा म्हटलं. गरम पाण्याचं तेवढं काही बोललो नाही.