नॉर्मंडीतला कास्तकार आणि आपला

शेतकरी आत्महत्येचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, कापसाला भाव द्या, बाकी काही बोलू नका. दुसरा दारू काढतो, लग्नातला खर्च काढतो, मनाचा कच्चेपणा काढतो. विदर्भात, दारव्हा तालुक्यातल्या माझ्या गावात हा वाद मी लहानपणापासून ऐकला. आता फ्रान्सच्या दुधाच्या पट्ट्यात, रेन शहरात राहतो, तरी फोनवर तोच ऐकू येतो. फ्रेंच लेखक मिशेल वेल्बेकची ‘सेरोटोनिन’ (२०१९) ही कादंबरी मी गावाकडच्या प्रत्येकाला वाचायला सांगतो, ती याच वादासाठी.

कादंबरी काळीकुट्ट आहे. निवेदक शेतीखात्यात काम केलेला, चाळिशी ओलांडलेला, स्वतःच्या नावाचाही तिटकारा असलेला माणूस. नैराश्यावरची गोळी त्याला जगवते आणि त्याची कामेच्छा संपवते. त्याचा कॉलेजातला मित्र एमरिक नॉर्मंडीत गाई पाळतो. घराणं सरदारी, पण दुधात भागत नाही म्हणून जमिनीचे तुकडे विकतो. बायको मुलींना घेऊन निघून गेलेली. दूध उत्पादकांच्या रास्ता रोकोत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तो जीव देतो.

त्याला कशाने मारलं, भावाने की मनाने? मला हा प्रश्नच खोटा वाटतो. २०१५ मध्ये युरोपीय संघाने दुधाचा कोटा, म्हणजे दूध किती काढायचं यावरची मर्यादा, उठवला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं, तेही नवा कापूस घरात यायच्या तोंडावर. असे निर्णय दूर कुठेतरी होतात आणि घरात येतात ते पुरुषाची लाज होऊन. भाव सरकारच्या धोरणाने पडलेला असतो, पण ‘मला घर चालवता आलं नाही’ असं त्याला वाटतं.

‘वावर हाये तं पॉवर हाये’ असं आमच्याकडची पोरं अभिमानाने म्हणतात. त्याच पोरांना वावर आहे म्हणूनच कोणी मुलगी देत नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून मोर्चा काढला, तेव्हा पुष्कळ लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ज्याला जमीन हीच ओळख म्हणून शिकवली, त्याची जमीनच नाकारली गेली तर त्याच्याकडे उरतं काय? आणि लग्न झालंच, तर कर्ज एकट्याने पेलायचं, बायकोपुढे चेहरा पडू द्यायचा नाही, हेही त्याला शिकवलेलं असतं.

आमच्या शेजारचे काका गेले तेव्हा कृषी केंद्राची उधारी किती होती, हे काकूंना तेरवीनंतर कळलं. “मले सांगतलं असतं तं दोघांनी मिळून निस्तरलं असतं,” एवढंच त्या म्हणाल्या. सरकारी चौकशीत सातबारा, कर्ज, नापिकी तपासली जाते आणि प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाखाची मदत. हा माणूस घरातल्या घरात मुका का झाला होता, ते कोणी विचारत नाही.

इथे फ्रान्समध्ये शेतकऱ्यांच्या सामाजिक विमा संस्थेची, मनावरचं ओझं बोलून दाखवायला, चोवीस तास मदतवाहिनी आहे. ती आपल्याकडेही गावागावांत पोचावी असं मला मनापासून वाटतं. पण इथेही शेतकऱ्यांमधल्या आत्महत्या इतरांपेक्षा जास्तच आहेत, म्हणून फोन नंबर देऊन भावाचा प्रश्न मिटवू पाहणाऱ्यांशी माझं जमत नाही.

वेल्बेकशीही माझं एका ठिकाणी बिनसतं. त्याच्या जगात बाई एकतर पुरुषाला वाचवू शकली असती, नाहीतर सोडून गेली. मागे राहून गोठा चालवणारी त्याला दिसत नाही. विदर्भात ती गावोगाव आहे. निंदण, वेचणी तिने आधीही केलीच होती. नवरा गेल्यावर ती फेरफारासाठी तलाठ्याकडे आणि नव्या कर्जासाठी बँकेत खेटे घालते.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं होतं. नवरा जिवंत असताना, त्याच्या हाताने. भावासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या संघटनांनी ते काम आज पुन्हा हाती घ्यावं आणि पीककर्जाच्या कागदावर दोघांच्या सह्या मागाव्यात. उधारीचा आकडा मग तेरवीनंतर कळणार नाही, पेरणीआधीच दोघांच्या समोर असेल.