चर्चची करवत आणि आपला पंचनामा

सप्टेंबर २०२५मध्ये सीनेच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडची गावं पाण्याखाली गेली आणि आमच्या भावकीच्या ग्रुपवर भांडण पेटलं. मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांचे फोटो कशाला, देवस्थानं तिजोऱ्या का उघडत नाहीत, पंचनामे कधी होणार. त्यात दादाने, म्हणजे माझ्या चुलतभावाने, माझेच जुने फोटो टाकले. स्वानानोआत एका घराची भिंत फोडताना मी. खाली लिहिलं होतं, ‘बघा, तिकडे चर्चवाले स्वतः घरं उभी करतात. सरकारच्या तोंडाकडे बघत बसत नाहीत.’

फोटो खरे आहेत. निष्कर्ष मला मान्य नाही.

स्वानानोआ हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या डोंगरातलं, ॲशव्हिलला खेटून असलेलं गाव. २६ सप्टेंबर २०२४च्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलं, आणि समुद्रापासून एवढ्या लांबच्या या खोऱ्यांत नद्यांनी घरंच्या घरं उचलून नेली. एकट्या नॉर्थ कॅरोलिनात शंभरावर माणसं गेली. ॲशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. मी शार्लटला राहतो. शेजाऱ्यांच्या चर्चचा गट तिकडे निघाला होता, व्हॅनमध्ये जागा होती, गेलो.

काम सांगण्यासारखं काही नाही. आपल्याकडच्या विटांच्या भिंतीला पूर आला तर ओल उतरते, पोपडे निघतात, पण भिंत राहते. इथे लाकडी सांगाड्यावर शीटरॉकचे पुठ्ठ्यासारखे तक्ते ठोकलेले असतात. ते पाणी पितात आणि आतून बुरशी चढते. पाणी दोन फुटांपर्यंत आलं असलं तरी तक्ता चार फुटांवर कापायचा, कारण नवा तक्ता चार फूट रुंद येतो. मग थंडी अडवायला आत भरलेला, आता भिजलेला गुलाबी कापूस ओढून काढायचा, लाकूड घासायचं, औषध फवारायचं, आणि ओलावा मोजायच्या यंत्राचा आकडा उतरेपर्यंत भिंत बंद करायची नाही. आमचा मुकादम सत्तरी ओलांडलेला निवृत्त इलेक्ट्रिशियन होता. माझं कापणं वाकडं गेलं की काही न बोलता माझ्या हातातली करवत काढून घ्यायचा.

रोज सकाळी प्रार्थना व्हायची. मीही मान खाली घालून उभा राहायचो. येशूबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. मी जेवणार काय, याची मात्र भयंकर काळजी. तरी हे सगळं निव्वळ निधर्मी होतं, असंही म्हणवत नाही. बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचे मदतगट काम संपल्यावर सगळ्यांच्या सह्यांचं बायबल घरमालकाला देतात. तिथे ते खपून जातं, कारण देणारा आणि घेणारा बहुतेक वेळा एकाच धर्माचे. आपल्याकडच्या धर्मांतराच्या वादात दोन्ही बाजूंनी हा दाखला वापरू नये.

आता सरकारचं. तिथे घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि डोंगरातल्या लोकांनी तो क्वचितच घेतलेला. केंद्राच्या ‘फेमा’ या आपत्ती-मदत संस्थेकडून घरासाठी मिळणारी मदत हेलीनच्या वेळी जास्तीत जास्त ४२,५०० डॉलर होती, आणि कित्येकांच्या हाती त्याच्या आसपासचंही आलं नाही. त्यातून मजुरी दिली तर सामानाला काय उरणार? चर्च उभं आहे ते या भगदाडात. शिवाय आमच्याकडून रोज संध्याकाळी वहीत तास लिहून घेत. आपत्तीनंतरच्या तातडीच्या कामाचे असे तास मोजून स्थानिक प्रशासन केंद्राची मदत घेताना ते आपल्या वाट्याच्या खर्चात धरू शकतं. म्हणजे सरकार तिथेही आहे, फक्त फोटोत दिसत नाही.

म्हणून दादा, पंचनाम्यासाठी भांडणाऱ्यांना लाचार ठरवू नकोस. मदत तुटपुंजी असेल, पण तलाठ्याने शेतावर यायलाच हवं आणि मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. हे सोडून चर्चच्या कृपेवर राहणं मला तरी नको.

मला हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आम्ही गेलो तेव्हा वादळाच्या बातम्या कधीच्या थांबल्या होत्या. तरीही स्थानिक समितीकडे घरांची यादी होती, त्या घरांचे कागद बघणारा माणूस होता, आणि यादीबाहेरच्या घरात कुणी आपल्या मनाने घुसत नव्हतं. आपण पहिले पंधरा दिवस जीव ओततो. बिस्किटांचे ट्रक, पाण्याच्या बाटल्या, जुन्या साड्यांचे ढीग. दिवाळी झाली की सामसूम. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरची छपरं उडवली तेव्हा ओळखीच्यांकडून रडगाणं ऐकलं ते हेच: पैसे येतील तेव्हा येतील, पण कौलं शाकारायला माणूस कुठून आणू?

माणसं आहेत की. दादा ज्या मंडळाचा खजिनदार आहे, त्यात सुतार आहे, वायरमन आहे, रात्रभर राबणारी पोरं आहेत आणि पै-पैचा हिशेब असलेलं पावतीपुस्तक आहे. पुराच्या वर्षी अशी कितीतरी मंडळं वर्गणीतून मदतनिधीला चेक देतात. चेकऐवजी माढ्याकडची पाच घरं धरा. ग्रामसेवकाकडून यादी घ्या, एक माणूस दोन वर्षांसाठी नेमा, दर महिन्याला सुतार आणि वायरमन पाठवा. गाडीभाड्याचं मी बघतो, असं दादाला कळवलंय. तो म्हणतो, मीटिंगमध्ये विषय घेतो.