खुलासा: एन्झाइमच्या पावडरीत जिवंत जंतू नसतात

बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एन्झाइमच्या धुण्याच्या पावडरीत जिवंत जंतू असतात, म्हणून ती उकळत्या पाण्यात ब्लीचसोबत वापरा.’ हे चूक आहे.

प्रथिनांचे डाग तोडणारे सबटिलिसिन हे एन्झाइम बॅसिलस जिवाणूंकडून टाक्यांत तयार करून घेतात. मग पेशी गाळून बाजूला काढतात आणि एन्झाइमच्या दाण्यांवर लेप चढवतात. म्हणजे मारायला आत कोणी नसतंच. उकळत्या पाण्याने मरतं ते एन्झाइमचं काम.

ब्लीचची गोष्ट जरा खोलात. हे एन्झाइम स्वतःही प्रथिनच, म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. तिची कात्री म्हणजे 221 क्रमांकाचं अमिनो आम्ल, सेरीन. शेजारी, 222 वर, मेथिओनीन. पेरॉक्साइडच्या ब्लीचमुळे त्यातल्या गंधकाला ऑक्सिजन चिकटतो आणि कात्री जवळपास बंद पडते. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात तिथे मेथिओनीनऐवजी अ‍ॅलनिन किंवा सेरीन बसवल्यावर एन्झाइम पेरॉक्साइडमध्ये टिकलं. मात्र मूळची धार बरीच कमी झाली. टिकाऊपणा असा फुकट मिळत नाही. शिवाय हा बदल क्लोरीनच्या ब्लीचपासून वाचवेल, असं धरून चालू नका.

तेव्हा नळाचं पाणी 25 अंश असेल तर त्याचे 4 मग आणि उकळत्याचा 1 मग घ्या, साधारण 40 अंश होतं. दूध, अंडं, रक्ताचे डाग अर्धा तास भिजवा. ब्लीच हवंच असेल तर खळबळून काढल्यावर, वेगळ्या पाण्यात. हळदीवर हे एन्झाइम चालत नाही.

आणि पैठणी त्यात मुळीच बुडवू नका. रेशीमही प्रथिनच.