पावलोव्हा आणि न केलेले समोसे

ख्रिसमसच्या जेवणाला मी घरी केलेला पावलोव्हा, म्हणजे वर क्रीम आणि फळं लावलेला मेरिंगचा केक, घेऊन गेले, तर यजमानीणबाई दारातच माझ्या पाठीमागे डोकावत म्हणाल्या, "समोसे गाडीत राहिले का?"

मी कोल्हापूरची. जन्मात समोसा तळलेला नाही. आमच्याकडे तो दुकानातून कागदात गुंडाळून येतो. पण ऑकलंडमध्ये हे सांगायचं कुणाला?

पावलोव्हा मात्र येतो. सहा अंड्यांचं पांढरं, दीड कप बारीक साखर, थोडं व्हिनेगर आणि कॉर्नफ्लोअर. बलकाचा थेंब पडला तरी फेस चढायचा नाही. साखर चमच्याचमच्याने घालायची, बोटांत चोळून कण लागेनासा होईपर्यंत फेटायची, नाहीतर नंतर पाक गळतो. मंद ओव्हनमध्ये दीड तास, मग ओव्हन बंद करून आतच रात्रभर. इथल्या डिसेंबरच्या दमट हवेला मेरिंगची, म्हणजे साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची, खुन्नस आहे, म्हणून मी नवऱ्याला रात्रीचा चहासुद्धा उकळू दिला नाही. उरलेल्या सहा बलकांचं काय करायचं हे एकही पाककृती लिहीत नाही. त्याने सकाळी त्यांची भुर्जी केली आणि दिवसभर कुरकुरला. क्रीम, स्ट्रॉबेरी, किवी, वर पॅशनफ्रूटचा गर हे सगळं ऐनवेळी, यजमानीणबाईंच्याच ओट्यावर लावलं.

आणि तिथे यजमानीणबाईंचे सासरे भेटले. डोक्यावर ख्रिसमसच्या जेवणात दोघांनी ओढून फोडायच्या फटाक्यातून निघालेला कागदी मुकुट, हातात बिअर.

"याला पावलोव्हा म्हणतात," ते एकेक अक्षर सुटं करून म्हणाले.

"हो, मीच केलाय."

"छान लावलंयस हं क्रीम." मग माझ्याच पावलोव्ह्याचा भलामोठा तुकडा घेऊन ते मला पावलोव्हा शिकवायला बसले. आना पावलोव्हा नावाची रशियन नर्तकी होती. 1926 साली ती न्यूझीलंडला आली. वेलिंग्टनच्या हॉटेलातल्या आचाऱ्याने तिच्या झग्यासारखा हा पदार्थ केला. ऑस्ट्रेलियावाले पर्थच्या 1935 च्या आचाऱ्याचं नाव सांगतात, चोर लेकाचे! 1927 साली इथे या नावाने छापलेली पाककृती रंगीत थरांच्या जेलीची होती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण तोवर ते "वरून कुरकुरीत, आत मऊ" यावर पोचले होते आणि बोटाने माझं मेरिंग टोचून मला दाखवत होते.

"तुमच्या देशात ओव्हन असतात का?"

असतात म्हटलं.

"पण तुमचं खाणं तिखट. तुला हे जरा गोडच लागेल."

पुरणपोळीवर गुळवणी घेणाऱ्या माणसांत मी वाढले आहे! आठ वर्षं या देशात कर भरते, गवत कापते, क्रिकेटमध्ये यांचीच बाजू घेते (भारत नसेल तेव्हा), तरी स्वयंपाकघरातलं माझं खातं समोशाच्या पुढे सरकत नाही. त्यांच्या सुनेने आणलेलं हॅम दुकानातून थेट आलं होतं, चिठ्ठी तशीच चिकटलेली. तिला कुणी डुकराचा इतिहास सांगितला नाही.

निघताना आजोबांनी उरलेला तुकडा फॉइलमध्ये बांधून घेतला. "कुठून आणलास ते सांगून ठेव. घरी केलेला काही असा होत नाही."

मी हार्बर ब्रिजच्या पलीकडचं, त्यांच्या घरापासून सगळ्यात लांबचं सुपरमार्केट सांगितलं.